विश्लेषण : माहिती गट नंबरची, हिशेब महसूल मंडळाचा! सोलापूरच्या डिजिटल शेतीत शेतकरी नेमका कुठे हरवतो?

शेतीत 'एआय' आलं, ड्रोन आले, उपग्रह आले. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरणालाही मंजुरी दिली. 2025 ते 2029 या काळासाठी असलेल्या या धोरणात पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद आहे. बारामतीत उसावर झालेल्या एआय प्रयोगाची चर्चा तर थेट मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांपर्यंत गेली. मग सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती यातून काय लागतंय?

उत्तर थोडक्यात सांगायचं तर, शेतकऱ्याकडून माहिती घेताना यंत्रणा अगदी गट नंबरपर्यंत पोहोचते. पण त्याला काही परत द्यायची वेळ आली, की गट नंबर बाजूला पडतो आणि पुढे येतं महसूल मंडळ. डिजिटल शेतीचं खरं दुखणं इथे आहे.

शेतकऱ्याकडून काय घेतलं जातं?

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पीकपेऱ्याची नोंद तलाठी करायचे, आता शेतकऱ्याने स्वतः शेतात जायचं, गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. शेत सोडून भलतीकडे उभं राहिलं तर अ‍ॅप ते ओळखतं.

त्यात भर पडली अ‍ॅग्रीस्टॅकची. एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. या क्रमांकाला आधार आणि सातबारा जोडलेला असतो. म्हणजे कोणाची जमीन, किती, कुठे आणि तिच्यात यंदा काय पेरलंय, हे सगळं सरकारला एका क्रमांकावर दिसू शकतं.

मग परत काय मिळतं?

आधी पावसाचं बघू. 'महावेध' प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पण ही रचना महसूल मंडळाला एक केंद्र अशी आहे. एका मंडळात साधारण दहा-पंधरा गावं येतात. 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असं धरलं जातं. हा आकडा त्या एका केंद्रावरून येतो.

सोलापूरचा पाऊस कसा पडतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. बांधाच्या अलीकडे झोडपतो आणि पलीकडे धूळ उडत असते. इंजिनिअरिंगला पहिल्याच वर्षी शिकवतात, की मोजायची गोष्ट जितकी बारीक बदलते तितकंच मोजमापही बारीक हवं. पंधरा गावांना एक पर्जन्यमापक हे गणित सोलापूरच्या पावसाला लागू पडत नाही.

आता पीकविमा. खरीप 2023 पासून सुरू असलेली एक रुपयातली योजना बंद झाली. खरीप 2025 पासून शेतकऱ्याने खरिपाला 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता भरायचा आहे. हप्त्याची चर्चा खूप झाली. त्यापेक्षा मोठा बदल मात्र झाकला गेला. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचं नुकसान हे भरपाईचे निकष राज्याने काढून टाकले. उरला तो फक्त पीक कापणी प्रयोग. मंडळात ठरावीक प्लॉट निवडून कापणी करायची, सरासरी काढायची आणि ती उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरली तरच मंडळातल्या सगळ्यांना भरपाई द्यायची.

सीनेच्या पुराने काय दाखवलं?

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत नदीकाठची पिकं पाण्याखाली गेली. बऱ्याच ठिकाणी पिकाबरोबर वरची मातीही खरवडून गेली.

सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. वरच्या भागात कोसळलेला पाऊस आणि धरणांतून सोडलेलं पाणी खाली आलं. हे पाणी इथल्या पर्जन्यमापकात पडत नाही, थेट शेतात शिरतं.

आता एकच मंडळ डोळ्यांपुढे आणा. काही गावं नदीकाठची, बाकीची माळावरची. काठावरचं सोयाबीन आठवडाभर पाण्यात, माळावरचं बऱ्यापैकी तरलेलं. सरासरी काढली की काठावरच्या शेतकऱ्याचं शून्य माळावरच्या क्विंटलांत मिसळून जातं. सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली तर ज्याचं सगळं गेलं त्यालाही विम्यातून काही मिळणार नाही. उलट सरासरी खाली गेली तर ज्याचं फारसं बिघडलं नाही त्यालाही पैसे मिळतील. विम्याच्या भाषेत याला 'बेसिस रिस्क' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, ज्याचं जळतं त्यालाच मोजत नाहीत.

सरकारी मदतीसाठी शेतनिहाय पंचनामे होतात, हे खरं. पण मदत सरकार देतं, विम्याचा हप्ता शेतकरी स्वतः भरतो. ज्यासाठी पैसे मोजले तिथेच त्याचं शेत मोजलं जात नाही.

सरकारची बाजू काय?

ती पूर्णपणे चुकीची नाही. एक रुपयात विमा सुरू झाल्यावर बोगस अर्ज सापडले. दुसऱ्याच्या, अगदी सरकारी जमिनींवरही विमा उतरवल्याचं उघड झालं. प्रत्येक शेतात माणूस पाठवून पाहणी करायची तर खर्च वाढतो, वेळ जातो आणि 'मॅनेज' करणाऱ्यांना वाव मिळतो. सरासरीत हे टळतं.

पण बोगसगिरी शोधायलाच तर ओळख क्रमांक, सातबारा जोडणी आणि फोटोसह पीक नोंद उभी केली ना? हीच माहिती खोटा अर्ज पकडायला चालते, तर खरं नुकसान ओळखायला का चालू नये?

तंत्रज्ञान नाही, असंही नाही. युरोपीय अंतराळ संस्थेचा सेंटिनेल-1 उपग्रह रडार वापरतो, त्यामुळे ढगांआडूनही पाणी साचलेली जमीन ओळखता येते. सेंटिनेल-2 च्या चित्रातला एक ठिपका 10 बाय 10 मीटरचा असतो, म्हणजे एका एकरात असे सुमारे 40 ठिपके. दोन्हींचा डेटा जगभर मोफत आहे. पुराच्या नकाशावर गटांचा नकाशा ठेवला तर पाणी कोणत्या गटांत शिरलं, याची यादी काढता येते. ती शेवटचा निवाडा नसेल, पण पाहणी कुठे करायची हे नक्की सांगेल.

90 वर्षांपूर्वीचं उत्तर

गंमत म्हणजे, 'शेतानुसार शेती' हा विचार सोलापूरला नवा नाही. 1933 मध्ये इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. ना. वि. कानिटकर यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून बांधबंदिस्ती, कमी बियाणं, ओळींत जास्त अंतर अशी पद्धत आकाराला आली. पुढे महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीच्या शिफारशी थेट जमिनीच्या खोलीवर केल्या. 30 सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, 60 पर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1, त्याहून भारी जमिनीला फुले वसुधा.

म्हणजे एकाच गावात, एकाच घरच्या दोन तुकड्यांना दोन वाण. हा सल्ला द्यायला एआयही लागत नाही, गटाची माती किती खोल आहे एवढं माहीत हवं. आज शेतकऱ्याच्या फोनवर येणारा सल्ला मात्र बहुतेक वेळा जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो.

ज्याच्याकडे पैसा, त्याला अचूकता?

डाळिंबाच्या बागेत चित्र वेगळं आहे. तेल्या रोग पाऊस आणि दमट हवेत झपाट्याने पसरतो, त्यामुळे बागेतली आर्द्रता कळणं मोलाचं ठरतं. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून या पिकावर काम करतंय. ज्यांना परवडतं ते बागायतदार स्वतःच्या बागेत सेन्सर बसवतात आणि फवारणी, पाणी त्यानुसार ठरवतात. अचूक डिजिटल शेती इथे आहे, पण विकत. तूर-ज्वारीवाल्याच्या वाट्याला मंडळाची सरासरी.

मग करायचं काय?

पहिलं, ग्रामपंचायत तिथे पर्जन्यमापक. केंद्राच्या जुलै 2023 मधल्या 'विंड्स' उपक्रमाची रचना तीच आहे. आकडे त्याच दिवशी सर्वांना खुले हवेत.

दुसरं, पुरासारख्या आपत्तीत उपग्रह नकाशा आणि ई-पीक पाहणीच्या आधारे गटनिहाय भरपाईचा निकष विम्यात परत आणावा.

तिसरं, पीक नोंद भरल्यावर शेतकऱ्याला त्याच अ‍ॅपवर त्याच्या गटाचा सल्ला मिळावा. नोंद केली की फक्त 'अपलोड यशस्वी' दिसणं पुरेसं नाही.

500 कोटींत नवे अ‍ॅप येतील, चॅटबॉट येतील. पण हवामान बदलात शेती टिकवायची तर पुढच्या पुराआधी एवढं ठरायला हवं, की ज्या गट नंबरवरून शेतकऱ्याची माहिती घेतली, त्याच गट नंबरवर त्याचं नुकसानही मोजलं जाईल.