कुलूप दाराला, चोर चावीपाशी

यवतमाळच्या आर्णी किंवा दारव्हा मार्गावरील वसाहतींत रात्री अकरानंतर फेरफटका मारला, तर घरांपुढे ओळीने उभ्या मोटारी दिसतात. घरे बांधली गेली तेव्हा दारी स्कूटर होती. मोटार मागाहून आली आणि तिच्या वाट्याला कुंपणाबाहेरची जागा आली. भविष्य निर्वाह निधीतून वा कर्जातून घेतलेली, हप्ते अद्याप फिटायचे असलेली ही मोटार रात्रभर रस्त्यावर उभी असते आणि घरधनी निश्चिंत झोपतो. कारण बटण दाबताच झालेला आवाज त्याने ऐकलेला असतो. या निश्चिंतीला आज कितपत आधार उरला आहे, याचा विचार व्हायला हवा.

काच फोडायची, तारा जोडायच्या आणि मोटार पळवायची, ही जुनी रीत. चावीत सूक्ष्म चकती बसवून ती ओळखल्याखेरीज इंजिन सुरू होऊ न देणारी इमोबिलायझरची व्यवस्था आली आणि ही वाट बरीचशी बंद झाली. पुढे कंपन्यांनी चावी खिशातच ठेवण्याची सोय केली. मोटार क्षीण संदेश सोडते, जवळची चावी त्याला उत्तर देते आणि दार उघडते. चोराने नेमके हेच हेरले. एक जण घराच्या भिंतीपाशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा मोटारीपाशी. पहिल्याचे यंत्र आतल्या खुंटीवरील चावीपर्यंत मोटारीचा संदेश पोहोचवते. चावीचे उत्तर मोटारीला मिळते. धनी जवळ आला, अशी मोटारीची समजूत होते. ना काच फुटते, ना भोंगा वाजतो. एकदा सुरू झालेले इंजिन चावी दूर गेली तरी सहसा बंद पडत नाही, कारण धावती मोटार अचानक थांबणे अधिक धोक्याचे.

ही युक्ती नवी नाही. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्येच आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर ती चालवून दाखवली होती. 2017 मध्ये इंग्लंडमधील सोलिहल येथे अशाच रीतीने मोटार पळवणाऱ्यांचे चित्रीकरण तेथील पोलिसांनी लोकांपुढे ठेवले. म्हणजे दोष ठाऊक होता, तरी सोय मिरवून विकली गेली आणि जोखीम ग्राहकाच्या गळ्यात पडली. काही नव्या चाव्या हलल्या नाहीत तर निद्रिस्त होतात, काही मोटारी संदेशाला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतात; हे स्वागतार्ह आहे. परंतु आधी विकलेल्या मोटारींचे काय, या प्रश्नावर विक्रेत्यांचे मौन असते. लंडनमध्ये तर मोटारींच्या संगणकीय सुरक्षेचाच अभ्यास करणारे इयान टेबर यांची टोयोटा 2022 मध्ये चोरांनी नेली. पुढच्या दिव्याजवळची तार उघडी करून मोटारीच्या अंतर्गत जाळ्यातच खोटा आदेश घुसवण्याचा तो प्रकार होता. जाणकाराच्या दारातून मोटार जाते, तेथे इतरांची काय कथा!

हे सारे विलायतेतले, यवतमाळचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. यवतमाळहून निघालेली मोटार पांढरकवड्याला राष्ट्रीय महामार्ग 44 गाठते आणि पहाट होण्याच्या आत पैनगंगा ओलांडून तेलंगणात पोहोचू शकते. पाटी बदलली की शोध अवघड. शिवाय जिल्ह्यातील कितीतरी जुन्या गाड्यांत इमोबिलायझरही नाही. तेथे चोराला नव्या विद्येचीही गरज नाही.

गंमत अशी की, नव्या चोरीवरचा उतारा बराचसा जुनाच आहे. सुकाणूला आडवा लावायचा लोखंडी दांडा संगणकाला फसवून निघत नाही. तो कापावा लागतो, त्याला वेळ लागतो, आवाज होतो, आणि चोराला नेमके हेच नको असते. बिनचावीच्या मोटारीची चावी धातूच्या घट्ट डब्यात ठेवावी. मात्र डब्यावर भाबडा विश्वास नको. डबा हाती घेऊन मोटारीपाशी जावे. दार उघडले तर तो डबा लाडवांसाठीच राखावा. दुसरी चावीही अशीच जपावी, कारण बहुतेक घरांत ती दाराशेजारच्याच खणात पडलेली असते. आठवडी बाजारात मोटार उभी करताना बटणावर न विसंबता कडी ओढून पाहावी. तेथे लहरी अडवून कुलूप लागूच न देणारेही असतात. इंधनाचा पुरवठा तोडणारा गुप्त खटका जाणत्या कारागिराकडूनच बसवावा, पण त्याआधी कंपनीच्या हमीच्या अटी वाचाव्यात.

एवढे करूनही मोटार गेली, तर पहिला दूरध्वनी 112 ला करावा, नातेवाइकांना नंतर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते; हद्दीचे कारण चालत नाही. ती तत्काळ दिलेली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. अर्थात त्यासाठी मुळात चोरीचा विमा हवा. मोटार जुनी झाली की हप्ता वाचवण्यासाठी केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा घेण्याची रीत घरोघरी आहे. त्यातून चोरीची भरपाई एक रुपयाही मिळत नाही, आणि दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, हेही पुष्कळांना चोरीनंतरच कळते.