‘आयुष्यभर फुकट गोल्फ’ची पावती दाखवा

प्रति,
पर्यवेक्षक मंडळ, व्हिलेज सेंटर कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट
आणि अमेनिटी ऑथॉरिटी कमिटी,
द व्हिलेजेस, फ्लोरिडा.



मी तुमचा रहिवासी नाही, मतदारही नाही. न्यू जर्सीत राहतो आणि लोकांचे हिशेब तपासण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झालो तरी सवय सुटत नाही आणि मित्रमंडळी ती सुटू देत नाहीत. हल्ली त्यांचा एकच प्रश्न असतो : “फ्लोरिडात, निवृत्तांच्या त्या व्हिलेजेसमध्ये घर घ्यावं का रे? गोल्फ फुकट आहे म्हणतात.” हे पत्र मराठीत आहे, कारण ते त्यांच्याही डोळ्यांखालून जायला हवं. तुमच्याकडे भाषांतराची सोय होईलच.

आधी ही मंडळी कोण ते सांगतो. 1965 च्या कायद्याने अमेरिकेचं दार आशियातल्या शिकलेल्या माणसांना उघडलं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत इंजिनिअर, डॉक्टर, केमिस्ट अशी मराठी माणसं इथे आली. आज ती सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. मुलं कॅलिफोर्नियात किंवा टेक्ससमध्ये, घर चार बेडरूमचं आणि दारातला बर्फ उपसायचा कंटाळा आलेला. काहीजण तुमच्याच लेक काउंटीत, टव्हारेसला भारतीय माणसांसाठी उभ्या राहिलेल्या शांतिनिकेतनचा विचार करतात : शाकाहारी स्वयंपाकघर, देवघर, आपल्या वयाची माणसं. पण ज्यांना ऑफिसातल्या साहेबांबरोबर जाऊन जाऊन गोल्फची गोडी लागली, त्यांची नजर तुमच्याकडे वळते.

या नजरेमागे एक जुनी गोष्ट आहे. आमच्या लहानपणी गोल्फ हा लष्करी अधिकाऱ्यांचा आणि बड्या कंपन्यांच्या साहेबांचा खेळ होता. पुण्याच्या पोराला येरवड्याचा गोल्फ कोर्स कुंपणाबाहेरून माहीत, मुंबईच्या पोराला विलिंग्डन क्लब बसच्या खिडकीतून. अशा माणसाला कोणी म्हणालं, की आता आयुष्यभर रोज खेळ, पैसे नाहीत, तर तो आकडेमोड करत नाही. आकडेमोडीवर पोट भरलेला माणूससुद्धा करत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून ती मी करतो.

तुमच्याकडे पन्नासच्या वर गोल्फ कोर्स आहेत. त्यांतले बहुतेक नऊ होलचे, लहान अंतराचे ‘एक्झिक्युटिव्ह’ कोर्स. ‘फुकट’ हा शब्द लागू आहे तो एवढ्यांनाच, आणि तोही पायी खेळणाऱ्याला. स्वतःची गोल्फ कार्ट कोर्सवर न्यायची तर ट्रेल फी पडते. मोठे, अठरा होलचे चॅम्पियनशिप कोर्स विकासकाच्या हातात आहेत, तिथे दर फेरीचे पैसे मोजायचे आणि ते कमी करायचे असतील तर वर्षाचं प्रायॉरिटी सभासदत्व घ्यायचं. फ्लोरिडाच्या ऑगस्टमध्ये, सकाळी नऊलाच अंगाची काहिली होत असताना, पंचाहत्तरीचा माणूस बॅग खांद्याला मारून किती दिवस पायी खेळेल? म्हणजे फुकट गोल्फ हा ज्याचे गुडघे धड आहेत त्याचा. ज्याचे गेले, त्याच्यासाठी दर वेगळा.

आता पायी खेळणाऱ्याचंही फुकट आहे का ते पाहू. प्रत्येक घराला दरमहा अमेनिटी फी आहे. अलीकडे ती दोनशे डॉलरच्या आसपास आहे आणि महागाईच्या निर्देशांकाबरोबर चढते. वर्षाचे झाले 2,400. मान्य, त्यात गोल्फ एकटा नाही. पोहण्याचे तलाव, करमणूक केंद्रं, फाटकांवरची माणसं, सगळं आलं. पण घर घेणाऱ्याच्या मनात ही फी गोल्फची म्हणूनच बसलेली असते, म्हणून तसंच मोजतो. वर्षाला दीडशे वेळा खेळणाऱ्याला एक फेरी 16 डॉलरला पडली, आणि जोडीने खेळणाऱ्यांना 8. हा सौदा चोख आहे. अमेरिकेत बहुतेक सार्वजनिक कोर्सवर याहून स्वस्त गोल्फ मिळणं कठीण. पण महिन्यातून एकदा जाणाऱ्याला तीच फेरी दोनशेला पडते आणि जो जातच नाही त्याला भागाकारच करता येत नाही.

माणूस बासष्टाव्या वर्षी दीडशेवाला असतो. ऐंशीव्या वर्षी बारावाला होतो, मग शून्यावर येतो. फी मात्र उलट्या दिशेने चालते. वर्षाला तीन टक्के वाढ धरली तर आजचे दोनशे, तेवीस वर्षांनी, जवळजवळ चारशे होतात. बासष्टाव्या वर्षी घर घेणारा पंच्याऐंशीपर्यंत एकूण भरेल सुमारे 78,000 डॉलर. हा माझा आकडा, माझ्या गृहीतकाचा. तुमचा वेगळा असेल तर छापा. घराच्या करासोबत येणारी देखभालीची आकारणी आणि रस्ते-गटारांच्या कर्जरोख्यांचा हप्ता यात धरलेला नाही. गोल्फ कार्टही नाही, आणि नवी कार्ट दहा हजारांच्या खाली सहसा मिळत नाही. अर्थात तुमच्याकडे कार्ट ही चैन म्हणता येत नाही. औषधाचं दुकान, बँक, डॉक्टर, मैत्रिणीकडचा पत्त्यांचा डाव, सगळं त्यावरच. गाडीचं लायसन्स सोडून दिलेली म्हातारी माणसंही फ्लोरिडात सरकारी ओळखपत्रावर कार्ट चालवू शकतात, आणि त्यांचं स्वातंत्र्य तेवढ्या चार चाकांवर उभं असतं. याबद्दल तुमच्या गावाचं मला मनापासून कौतुक आहे. मोटारीशिवाय जगता येईल अशी वस्ती या देशाने इतर कुठे फारशी बांधलेली नाही.

मग न खेळणाऱ्यांना सूट द्या, असं मी म्हणतोय का? नाही. आमच्याकडे भारतात प्रत्येक हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत तळमजल्यावरचे एक काका उठतात आणि विचारतात, मी लिफ्ट वापरत नाही, तर मेंटेनन्समध्ये तिचे पैसे का भरू? सभा त्यांना ऐकून घेते आणि पैसे घेतेच. घेतेय ते बरोबरच आहे. वर्गणीतून चालणाऱ्या वस्तूचा खर्च वापराच्या मापाने वाटायला गेलं तर ती दोन वर्षांत बंद पडेल. पण सोसायटीचा सेक्रेटरी काकांना ‘लिफ्ट फुकट आहे’ असं सांगत नाही. देखभालीचा करार कितीचा, वीज किती, शिल्लक निधी किती, हे तो अहवालात छापतो, आणि काका ते मोठ्याने वाचून दाखवतात. मला तुमच्याकडून एवढंच हवंय. जे वर्गणीतून चालतं, ते वर्गणीतून चालतं असं म्हणा.

आता त्या दोनशे डॉलरांच्या पोटात शिरतो, कारण हिशेबाची खरी गाठ तिथे आहे. फ्लोरिडाने 1980 मध्ये कायदा केला, कायद्याच्या पुस्तकातलं प्रकरण 190 : विकासक नव्या वस्तीसाठी एक छोटं सरकार स्थापू शकतो आणि ते सरकार कर्जरोखे काढू शकतं. तुमचं डिस्ट्रिक्ट हे असंच सरकार. हॅरॉल्ड श्वार्ट्झ यांच्या ऑरेंज ब्लॉसम गार्डन्स या मोबाइल घरांच्या वस्तीत 1983 मध्ये त्यांचे चिरंजीव गॅरी मोर्स आले आणि तिचं 1992 मध्ये ‘द व्हिलेजेस’ झालं. पुढे डिस्ट्रिक्टने रोखे काढून विकासकाकडून कोर्स, करमणूक केंद्रं आणि अमेनिटी फी गोळा करण्याचा हक्क विकत घेतला. रहिवाशांची फी त्या रोख्यांची परतफेड करू लागली. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजी दरमहा जे भरतात, त्यातले काही सेंट आजच्या गवताला लागतात आणि काही सेंट, जे गवत विकासकाने केव्हाच विकून पैसे घेतले, त्याच्या हप्त्याला.

या व्यवहारावर बोट ठेवणारा मी पहिला नाही. अमेरिकेच्या आयकर खात्याने 2008 मध्ये तुमच्या रोख्यांची तपासणी सुरू केली. मंडळावर विकासकाचंच नियंत्रण आहे, तुमच्या हद्दीत मतदार जवळजवळ नाहीत, मालमत्तांची किंमत बांधकामखर्चावर न लावता पुढच्या फीच्या उत्पन्नावरून लावली, असे आक्षेप निघाले. 2013 मध्ये खात्याने म्हटलं, की हे डिस्ट्रिक्ट खऱ्या अर्थाने सरकारी घटक नाही. 2016 मध्ये काहीही बदल न करता तपास बंद झाला. तुम्ही सुटलात आणि मी तो निकाल पुन्हा उकरत नाही. दुसरं प्रकरण मला जास्त शिकवणारं वाटतं. रहिवाशांनी दावा लावला, की सुविधांच्या देखभालीला पुरेसा पैसा मागे ठेवलेला नाही. 2008 मध्ये तडजोड झाली, विकासकाने सुमारे 4 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि त्यातूनच निवडून आलेल्या रहिवाशांची अमेनिटी ऑथॉरिटी कमिटी जन्माला आली. म्हणून या पत्रावर कमिटीचंही नाव आहे. तुमचा जन्मच हिशेब मागण्यातून झालेला आहे.

आणि तुमचे रहिवासी हिशेब वाचू शकतात, याविषयी शंका नको. दक्षिणेकडच्या नव्या बांधकामासाठी रस्ते हवेत म्हणून 2019 मध्ये तुमच्या समटर काउंटीने मालमत्ता कर एका झटक्यात 25 टक्क्यांनी वाढवला. पुढच्याच वर्षी या म्हाताऱ्यांनी तीन काउंटी कमिशनर घरी पाठवले.

एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. अमेनिटी फी माणशी नाही, घरामागे आहे. दोघं होती तेव्हा दोनशे, एक गेलं तरी दोनशे. सोशल सिक्युरिटीत मात्र दोघांपैकी एक गेला की लहान चेक बंद होतो, मोठा तेवढा उरतो. 2025 च्या सुरुवातीला निवृत्त कामगाराचा सरासरी चेक महिन्याला 1,976 डॉलर होता आणि त्यातून मेडिकेअरच्या पार्ट बीचे 185 आधीच कापले जायचे. आमच्या पिढीत गोल्फ खेळायला जायचे ते बहुधा नवरे. वहिनी डिपेंडंट म्हणून आल्या, मुलं मोठी झाल्यावर दहा-बारा वर्षं कुठे लायब्ररीत, कुठे बँकेच्या काउंटरवर काम केलं. त्यांच्या वाट्याला पुढे काय येतं? नवऱ्याचा चेक, रिकामी कार्ट आणि हिरवळींसाठी पूर्ण फी. घर घेताना सेल्सच्या टेबलावर हा प्रश्न कुणी काढत नाही, कारण दोघं हसत शेजारी शेजारी बसलेली असतात. तो तुम्ही काढा. घर विधवेच्या किंवा विधुराच्या एकट्याच्या नावावर आलं आणि उत्पन्न अमुक रेषेखाली गेलं, तर महागाईची वाढ काही वर्षं गोठवता येईल का? नाही म्हणालात तरी चालेल, पण आकडे मांडून म्हणा.

दुसरी पद्धतही या देशात आहे. विकासक डेल वेबने ॲरिझोनात निवृत्तांसाठी सन सिटी उघडली ती 1 जानेवारी 1960 ला, तीही गोल्फच्याच आमिषावर. तिथे करमणूक केंद्रं आणि आठ गोल्फ कोर्स रहिवाशांच्या ना-नफा संस्थेकडे आहेत. घरामागे वर्षाची वर्गणी, गोल्फ खेळणाऱ्याने पास किंवा फेरीचे पैसे वेगळे द्यायचे. तिथेही भांडणं आहेत : पास महाग झाला की खेळणारे ओरडतात, गोल्फला तूट आली की न खेळणारे, आणि वाळवंटात पाणी हा तिसरा पक्ष असतोच. पण प्रत्येकाला आपण कशासाठी भरतो ते दिसत असतं. तुमची एक गोष्ट मात्र त्यांनी उचलावी : टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळा, वाटताना ज्याने अलीकडे जास्त खेळून घेतलं त्याला मागे ठेवणारी तुमची गुणांची पद्धत. जानेवारीत उत्तरेकडचे पाहुणे येऊन गर्दी होते तेव्हा तीच न्याय टिकवते.

गेल्या काही वर्षांत हिरवळींच्या अवस्थेवरून तुमच्याकडे कुरबुर वाढलेली आहे. गवत उखडून नवं लावायचं, पाइप बदलायचे, तर पैसा लागतो. ट्रेल फी वाढवून तो काढणं सोपं आहे, आणि ती पडते गुडघे गेलेल्यांवर. म्हणून मागणी करतो ती नेमकी करतो. एक्झिक्युटिव्ह गोल्फचा वर्षाचा एकूण खर्च भागिले खेळलेल्या फेऱ्या, हा एक आकडा. अमेनिटी फीच्या प्रत्येक डॉलरमधले किती सेंट रोख्यांच्या परतफेडीला जातात, हा दुसरा, आणि ते रोखे कोणत्या वर्षी फिटतात हे त्याच्या शेजारी. राखीव निधीत किती आहे आणि पुढच्या पंधरा वर्षांत किती लागणार, हा तिसरा. अर्ध्या पानात बसेल. ते पान प्रत्येक मासिक बिलामागे आणि घर घेणाऱ्याच्या हातातल्या रंगीत पुस्तिकेत, ‘फुकट’ हा शब्द जिथे असेल त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात द्या.

तुमचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे अंदाजपत्रकाच्या बैठका उन्हाळ्यात. फ्लोरिडाच्या सनशाइन कायद्यामुळे त्या सर्वांना खुल्या असतात. माझ्या ओळखीची दोन जोडपी तेव्हा घर बघायला तिथेच असतील. त्यांना मी मॉडेल होमच्या आधी बैठकीला जायला सांगितलंय.

कळावे,
न्यू जर्सीतला एक निवृत्त लेखापाल