बहिणीचे नाव कोणी गाळले?

वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा किती, हा प्रश्न मला विचारला जातो तितका कायद्याचा दुसरा कोणताच प्रश्न विचारला जात नाही. दिल्ली, इंदूर, हैदराबाद येथे संसार थाटलेल्या आणि गावच्या जमिनीवर जिचे नाव कधी लागलेच नाही अशा बहिणी तो विचारतात. भावांचा प्रश्न वेगळा असतो : "तिची सही घ्यावीच लागेल का?" कायद्याने दोघांनाही उत्तर दिलेले आहे. ते अमलात येत नाही म्हणून आपण समाजाच्या मानसिकतेला बोल लावून मोकळे होतो. माझ्या मते मोठा दोष प्रशासनाचा आहे.

आधी कायदा पाहू. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वतंत्र मालमत्तेत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना समान वाटा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच सांगितले. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील जन्मसिद्ध हक्क मात्र मुलांकडेच राहिला. आंध्र, तामिळनाडू, महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांनी आपापल्या दुरुस्त्यांनी तो मुलींना काही अंशी दिला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लागू झाला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मुलगी विवाहित असली तरी फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी वा विक्री तेवढी अबाधित राहते. काही राज्यांच्या महसूल कायद्यांत शेतजमिनीच्या वारसाचे नियम निराळे आहेत, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

मग नाव गळते कोठे? ते गळते सरकारी दप्तरात. महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात त्यालाच मध्य प्रदेशात नामांतरण, उत्तर प्रदेश-बिहारात दाखिल-खारिज आणि पंजाब-हरियाणात इंतकाल म्हणतात. शब्द बदलतो, रीत तीच राहते. मुलगा मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र आणतो. त्यात बहिणींची नावे नसतात, किंवा 'बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला' असा साध्या कागदावरचा जबाब जोडलेला असतो. हितसंबंधितांना नोटीस देण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९६६ पासून आहे. पण नोटीस जाते गावच्या घरी, आणि बहीण असते भोपाळला. घरातलेच कोणी ती घेते आणि नोंद प्रमाणित होते.

असा जबाब म्हणजे हक्कसोड नव्हे. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त नोंदवावा लागतो. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. म्हणजे बहिणीचा हक्क बुडत नाही. परंतु त्या नोंदीच्या जोरावर भाऊ जमीन विकतो, आणि मग हक्क शाबीत करण्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे झिजण्याची पाळी तिच्यावर येते.

यावर फौजदारी उपाय नाही असेही नाही. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१२ खाली गुन्हा आहे. मात्र या गुन्ह्याची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेते. बहिणीची तक्रार तेथे चालत नाही. ज्या अधिकाऱ्याला फसवले गेले त्यानेच तक्रार करायची, आणि तो 'हा कौटुंबिक वाद आहे' असा शेरा मारून फाइल बंद करतो. कायद्याने आपल्या हाती दिलेले हत्यार आपणच म्यानात गंजू देतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत. जमिनीचे तुकडे होतील म्हणतात. पण दोन भाऊ वाटणी मागतात तेव्हा ही चिंता कोणी वाहत नाही. लग्नात खर्च केला म्हणतात. पण लग्नखर्च म्हणजे वारसा हिस्सा असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. वडिलांचीच तशी इच्छा होती म्हणतात. मग स्वकष्टार्जित मालमत्तेचे आणि आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र करण्यास त्यांना कोणी अडवले होते? मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार पुरतात. मुलीला वगळायचे तर बापाने ते स्वतःच्या सहीने, उघडपणे वगळावे. त्याच्या पश्चात भावाच्या लेखणीने ते होऊ नये.

माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली, वारस नोंद आणि हक्कसोड एकाच दिवशी, एकाच अर्जावर होऊ नये. आधी सर्व वारसांची नावे लागावीत, मग ज्याला सोडायचे त्याने नोंदणीकृत दस्ताने सोडावे. दुसरी, प्रत्येक वारसाला नोटीस त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर व दूरध्वनीवर जावी आणि पोच मिळाल्याखेरीज नोंद प्रमाणित होऊ नये. तिसरी, खोट्या वारसयादीबद्दल किती तक्रारी दाखल केल्या, याचा हिशेब प्रत्येक तहसीलदाराकडून दरवर्षी घ्यावा.

ज्या बहिणीला खरोखरच काही नको असेल ती नाव लागल्यानंतरही हिस्सा देऊ शकते. आधी तो तिचा आहे असे सरकारी कागदाने म्हणायला हवे. जे हाती आलेच नाही त्याचे दान कोणी करू शकत नाही.