यंत्राबरोबर शिस्तीचेही प्रात्यक्षिक हवे

कोकणात पाऊस ओसरू लागला की आंबा-काजूच्या बागांमध्ये बेणणीची लगबग सुरू होते. कोयत्याने चालणारे हे काम आता मोठ्या प्रमाणावर पेट्रोलवरील ग्रासकटरने होते. मजूरटंचाईच्या काळात हे यंत्र बागायतदारांचा आधार ठरले आहे. मात्र यंत्र ज्या वेगाने बागेत पोहोचले, त्या वेगाने ते हाताळण्याची शिस्त पोहोचलेली नाही. यंत्र अनेकदा मालकाचे किंवा ठेकेदाराचे असते. धोका रोजंदारीवरील मजूर पत्करतो आणि माहितीपुस्तिका घराच्या कपाटात राहते.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतरच हातमोजे, मुखपट्टी आणि सुरक्षित फवारणी हे विषय गावोगावच्या प्रशिक्षणांत ठळकपणे आले. ग्रासकटरच्या बाबतीत अशा दुर्घटनेची वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

पहिला धोका इंधनाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि तापलेल्या सायलेन्सरमुळे किंवा विडीच्या ठिणगीने पेट घेते. म्हणून इंजिन बंद करून, ते पुरेसे थंड झाल्यावर, यंत्र खाली ठेवून उघड्या जागीच टाकी भरावी. सांडलेले इंधन पुसून घ्यावे आणि भरण्याच्या जागेपासून किमान 3 मीटर दूर जाऊनच यंत्र सुरू करावे. टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचे मिश्रण उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच हवे: 25:1 असल्यास 1 लिटर पेट्रोलला 40 मिली, 50:1 असल्यास 20 मिली. फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे नसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते; त्यामुळे हंगाम संपताच टाकी रिकामी करावी.

दुसरा धोका उडणाऱ्या खड्यांचा. जांभ्या दगडाचे तुकडे, काचा, कुंपणाची तार गवतात दिसत नाहीत. कापणीपूर्वी जागा पाहून घ्यावी. इतर माणसे व जनावरे किमान 15 मीटर दूर ठेवावीत. चष्मा, कानांचे संरक्षण, नडगीरक्षक आणि बंद बूट ही चैन नव्हे. काम सोपे व्हावे म्हणून गार्ड काढणे आणि नायलॉन दोरीऐवजी लोखंडी तार लावणे या दोन सवयी सर्वांत घातक आहेत. तुटलेला तारेचा तुकडा मांसात खोलवर रुततो. डोक्यात अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करून डोके पूर्ण थांबू द्यावे.

कीटकशास्त्राच्या दृष्टीनेही बेफिकीर कापणी महागात पडते. दोरीच्या फटक्याने बुंध्याची साल सोलली गेली की आंबा व काजूच्या खोडकिडीला अंडी घालण्यास आयती जागा मिळते. त्यामुळे बुंध्याभोवतीचे गवत हातानेच काढावे. झुडपांत किंवा गडग्यात गांधीलमाश्यांचे घर असेल, तर इंजिनाच्या धक्क्यांनी त्या चवताळतात. पाठीवर पट्टा आणि हातात चालू यंत्र असताना पळणे कठीण असते. म्हणून कामाआधी गडग्यांची पाहणी हवी आणि पट्टा झटकन सोडण्याचा सराव हवा.

यंत्राचे प्रात्यक्षिक आज प्रामुख्याने किती गुंठे किती वेळात कापले, हे दाखविण्यासाठी होते. विस्तार कार्यकर्त्यांनी त्यात टाकी भरणे आणि यंत्र थांबविणे यांचाही समावेश करावा, आणि समोर मालकाबरोबर यंत्र प्रत्यक्ष चालविणारा मजूरही बसवावा. प्रगतिशील बागायतदारांनी चष्मा आणि नडगीरक्षक यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. वाचलेल्या मजुरीपेक्षा एका डोळ्याची किंमत निश्चितच अधिक आहे.