स्क्रू कुणाच्या मालकीचा?

गेल्या महिन्यात अणदूरच्या स्टँडवर एसटीतून उतरताना खिशातला मोबाईल निसटला. आधी पायरीवर आपटला, मग डांबरावर. स्क्रीन काळीठिक्कर. पण रिंग वाजत होती, म्हणजे आत जीव होता. त्या फोनमध्ये अम्मीच्या आवाजातल्या काही क्लिपा होत्या. अम्मी आता नाही. दुसरीकडे कुठं त्या ठेवल्या नव्हत्या, ही चूक माझीच.

पन्नासहून अधिक किलोमीटर जाऊन सोलापुरातलं कंपनीमान्य सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलानं फोन उघडलासुद्धा नाही. "बोर्ड बदलावा लागेल. साडेअकरा हजार. डेटा जाईल." सहीसाठी कागद पुढे केला. मी फोन उचलला आणि परत आलो.

गावातल्या टपरीतल्या पोरानं पाठीला ऊब देऊन गोंद सैल केला, स्क्रू ओळीनं चुंबकावर मांडले आणि झाकण काढलं. इतकी वर्षं मोबाईल वापरतोय, आतून पहिल्यांदाच पाहिला. निम्मी जागा बॅटरीची, दोन बोटांएवढा बोर्ड, फितीसारख्या चपट्या केबली. पाणी शिरलं की लाल होणारी पट्टी पांढरीच होती. पोरगा म्हणाला, "चाचा, डिस्प्ले गया. बोर्ड जिंदा है." बावीसशे रुपयांत नवा डिस्प्ले बसला. अम्मीचा आवाज त्या टपरीतच ऐकला.

डिस्प्ले कॉपी आहे, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. फोन सुरू होताच पडद्यावर इशारा आला: हा भाग अस्सल नाही. इथंच माझं डोकं फिरलं. अस्सल भाग त्या पोराला विकायचा नाही, उघडायची माहिती द्यायची नाही, आणि वर त्यालाच नकली ठरवायचं! हा कुठला न्याय?

कंपन्या सुरक्षिततेचं कारण पुढे करतात. ते अगदीच खोटं नाही. लिथियमच्या बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेते. पण मग कारागिराला शिकवा, अस्सल बॅटरी द्या. धोका अर्धवट माहितीत आणि हलक्या मालात असतो, आणि त्या दोन्ही गोष्टी तुमच्या बंदीमुळेच बाजारात येतात.

हे दुखणं फक्त मोबाईलचं नाही. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं 2014 साली 14 कारकंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. पुढं ते प्रकरण कोर्टकचेऱ्यांत गेलं. 2022 च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही काढलं. त्यात मोबाईल आहे, शेतीची अवजारंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्समध्ये 2021 साली मोबाईल दुरुस्तीला किती सोपा याचे गुण विकताना दाखवणं बंधनकारक झालं. युरोपीय संघानं जून 2025 पासून सुटे भाग अनेक वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक केलं. त्याच कंपन्या तिथं ऐकतात आणि इथं डोळे वटारतात.

आमच्या मोहल्ल्यांतली कितीतरी पोरं दहावी-बारावीनंतर हाच स्क्रूड्रायव्हर हातात घेतात. नोकरी मिळत नाही, भांडवल नसतं, पण हात आणि नजर असते. त्यांच्या आधीच्या पिढीनं घड्याळं, स्टोव्ह, रेडिओ दुरुस्त केले. तेव्हा त्यांना उस्ताद म्हणत. आज त्याच हुनराला 'अनधिकृत' म्हणतात, आणि आपण सुशिक्षित माणसंही "लोकलकडे देऊ नका, पार्ट चोरतील" असं सहज बोलून जातो. माझ्या फोनमधलं काहीच चोरीला गेलं नाही. उलट सेंटरच्या कागदावर सही केली असती, तर माझी आई गेली असती, दुसऱ्यांदा.

मागणी साधी आहे. भाग विका, माहिती द्या, सॉफ्टवेअरची कुलपं काढा, आणि हे सगळं पोर्टलवर नव्हे, कायद्यात लिहा. पैसे मोजून घेतलेली वस्तू माझी आहे. तिचा स्क्रूही माझाच.