गाणे कुणाच्या मालकीचे?

कलावंत स्वतंत्र असला पाहिजे, हे वाक्य वाङ्मय मंडळाच्या बहुतेक उद्घाटनांत एकदा तरी कानी पडते. टाळ्याही पडतात. पण स्वतंत्र म्हणजे कुणापासून, आणि ते स्वातंत्र्य टिकवायचे कशाच्या बळावर, असे कुणी विचारले तर सभागृहात शांतता पसरेल. स्फूर्ती, प्रतिभा, आत्माविष्कार हे शब्द आपल्या ओठांवर सहज येतात. करारपत्र, हक्क, हिशेबाची वही यांचे नाव काढले की मात्र रसिक मंडळी नाक मुरडतात. माझे म्हणणे असे की, कलावंताचे स्वातंत्र्य निम्मे तरी त्या वहीतच असते. हे पटवून देण्यासाठी मी थोडा दूरचा दाखला घेतो. तो आहे गिलियन वेल्च या अमेरिकन गायिकेचा. ती स्वतःची गाणी स्वतः रचते, स्वतः गाते आणि स्वतःच्याच कंपनीतर्फे लोकांपुढे ठेवते.

तिचे गाणे ‘कंट्री’ या जातीचे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ आणि शेतीच्या प्रदेशातले हे संगीत. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्यांची कथागीते, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि आफ्रिकेतून आलेल्या वाद्यपरंपरेतून घडलेला बँजो असे त्याचे गोत्र आहे. पिढ्यान्‌पिढ्या बायका ही गाणी चुलीपाशी आणि पाळण्यापाशी गात आल्या. तेव्हा गाणे कुणाचे, हा प्रश्नच नव्हता. तो उपस्थित झाला बाजार आल्यावर.

1927 साली राल्फ पीअर हा ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणारा गृहस्थ टेनेसी राज्यातील ब्रिस्टल गावी आला. एका गाण्याला पन्नास डॉलर असा त्याचा भाव होता. कार्टर कुटुंबातील तिघेजण तेथे गायले : ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि नात्यातली मेबेल. आवाज साराचा. गिटार मेबेलची, आणि तिची ती वाजवण्याची ढब पुढे साऱ्या अमेरिकेने उचलली. पण गाण्यांवर कर्ता म्हणून नाव लागले ते ए. पी. कार्टरचे, आणि प्रकाशनाचे हक्क गेले पीअरकडे. एखादी वस्तू जन्मताच दोघांत वाटली जावी आणि जिने ती जन्माला घातली तिच्या वाट्याला कौतुक तेवढे यावे, तसा हा प्रकार.

पंचवीस वर्षांनी, 1952 मध्ये, किटी वेल्सचे गाणे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एकट्या स्त्रीने हा मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. एका पुरुषाच्या गाण्यात बिघडलेल्या बायकांवर ठपका ठेवला होता, त्याला हे सडेतोड उत्तर होते. काही ठिकाणी नभोवाणीने ते लावायलाच नकार दिला. पण बाईच्या बाजूने दिलेले हे उत्तर लिहिले होते एका पुरुषाने, आणि किटी वेल्स ते गायला तयार झाली ती मुख्यतः ध्वनिमुद्रणाच्या सव्वाशे डॉलरांसाठी.

स्वतःच्या गाण्याची किंमत ओळखून ठामपणे ‘नाही’ म्हणणारी बाई म्हणून डॉली पार्टनचे नाव घ्यावे लागते. तिने लिहिलेले ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ 1974 साली गाजले. खुद्द एल्व्हिस प्रेस्ली ते गाणार असे ठरले. ऐन वेळी त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले. ती रडली, पण हक्क दिले नाहीत. 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणे चित्रपटासाठी गायले आणि ते जगभर पोचले, तेव्हा त्या एका नकाराचे मोल साऱ्यांना कळले.

गिलियन वेल्च या पार्श्वभूमीवर उभी आहे. तिचा जन्म 1967 सालचा, न्यूयॉर्कमधला. ती दत्तक मुलगी. वाढली लॉस एंजेलिसमध्ये. आईवडील दूरदर्शनच्या करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी संगीत रचणारे. सांताक्रूझच्या विद्यापीठात तिने छायाचित्रणाचा अभ्यास केला. तेथेच स्टॅन्ली बंधूंचे जुन्या धाटणीचे गाणे तिच्या कानी पडले आणि तिची दिशा ठरली. पुढे बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात तिला डेव्हिड रॉलिंग्ज हा गिटारवादक साथीदार भेटला. 1992 मध्ये ती नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीत आली. 1996 मध्ये ‘रिव्हायव्हल’ ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातली गाणी अनाथ मुलीची, दारू गाळणाऱ्याची, राबणाऱ्या माणसांची होती. काही टीकाकार म्हणाले, शहरात सुखाने वाढलेल्या मुलीला डोंगरातल्या दुःखाचा काय अधिकार?

हा आक्षेप आपल्याकडील ग्रामीण साहित्याच्या चर्चेतही ऐकू येतो. तो क्षुल्लक नाही. परंतु मला त्यात एक गफलत दिसते. गाण्यातला खरेपणा ते गाणाऱ्याच्या जन्मदाखल्यावरून ठरवायचा, आणि ते गाणे विकून पैसा कोण करतो हे मात्र विचारायचे नाही! कार्टर कुटुंबाचा खरेपणा पुरता अस्सल होता. त्या अस्सलपणाने त्यांचे हक्क वाचले नाहीत.

वेल्चच्या कारकिर्दीतले खरे वळण आले ते 2000-2001 च्या सुमारास. ज्या कंपनीतर्फे तिच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, ती एका बड्या कंपनीच्या पोटात गेली. याच काळात ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटातील जुनी गाणी अनपेक्षितपणे लोकप्रिय झाली. त्यात तिचा आवाज होता आणि संगीताच्या निर्मितीतही वाटा होता. 2002 मध्ये त्या संग्रहाला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दुसरी एखादी असती तर ही हवा शिडात भरून मोठ्या कंपनीच्या दारी गेली असती. वेल्च आणि रॉलिंग्ज यांनी ‘ॲकोनी’ नावाची स्वतःची कंपनी काढली. डोंगरात वसंताच्या आरंभी उमलणाऱ्या एका रानफुलाचे हे नाव. 2001 मध्ये तिची ‘टाइम (द रेव्हलेटर)’ ही ध्वनिमुद्रिका ॲकोनीतर्फे निघाली. दोन गिटार, क्वचित बँजो आणि दोन आवाज, एवढाच सरंजाम. पुढे पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकाही ॲकोनीच्याच नावावर निघू लागल्या.

त्या ध्वनिमुद्रिकेत एक गाणे आहे, ‘एव्हरीथिंग इज फ्री’. संगणकावरून गाणी फुकट उतरवून घेण्याची साथ तेव्हा नुकतीच पसरली होती. आपल्या श्रमाचे फळ कुणीही फुकट नेणार असेल तर गाणाऱ्याने काय करावे, हा त्या गाण्याचा विषय. त्याचा सूर आक्रस्ताळा नाही. गाणे तर होतच राहील, पण ते तुमच्या कानावर घालायचे की नाही हे आम्ही ठरवू, असा त्याचा शांत निर्धार आहे. पुढे कित्येक तरुण गायकांनी ते आपलेसे केले.

स्वातंत्र्य मात्र फुकट मिळत नाही. प्रकाशनाच्या एका जुन्या करारातून मोकळे होण्यासाठी या जोडीने 2002 च्या अखेरीस अवघ्या दोन-तीन दिवसांत अठ्ठेचाळीस गाणी ध्वनिमुद्रित केली. ही तर एका परीने खंडणीच झाली! ती गाणी लोकांपुढे यायला 2020 साल उजाडले. त्यांनी नॅशव्हिलमधला वुडलँड हा जुना स्टुडिओ विकत घेतला. तबकड्या मनासारख्या निघाव्यात म्हणून त्या कोरण्याचे यंत्रही घेतले, आणि 2011 ची ‘द हॅरो अँड द हार्व्हेस्ट’ तबकडीच्या रूपात यायला 2017 उजाडले. त्याआधीची ध्वनिमुद्रिका 2003 ची होती. मधली आठ वर्षे गाणी लिहिली जात होती, पण मनास येत नव्हती. कंपनी दुसऱ्याची असती तर आठ वर्षे कोण थांबले असते?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे सर्वांना परवडणारे नाही. शिक्षण, संगीतात वावरलेले घर, जन्माचा साथीदार आणि एका गाजलेल्या चित्रपटाचा हातभार वेल्चला लाभला. हे मान्यच केले पाहिजे. प्रत्येक गायिकेने स्टुडिओ विकत घ्यावा असे सांगणे म्हणजे भुकेल्याला शेत घे म्हणण्यासारखे आहे. पण डॉली पार्टन बारा भावंडांच्या गरीब घरातून आली होती. आपण काय देऊन टाकतो आहोत हे सही करण्यापूर्वी जाणण्याला भांडवल लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मोठ्या कंपनीवाचून श्रोते मिळत नाहीत. याचे उत्तर खुद्द कंट्रीच्या बाजारानेच दिले आहे. 2015 साली तेथील नभोवाणी केंद्रांच्या एका सल्लागाराने जाहीरपणे सांगितले की, कार्यक्रम जर कोशिंबीर मानला तर पुरुष गायक हा त्यातला पाला आणि बायका म्हणजे टोमॅटो. त्या अधूनमधूनच घालाव्यात, लागोपाठ घालू नयेत. जे दार असे तोलूनमापून उघडायचे, त्याच्यापाशी आयुष्यभर ताटकळत का उभे राहावे? वेल्चने ते दार ठोठावणे सोडले आणि गावोगावी मैफली करून आपला श्रोता जमवला.

मार्च 2020 मध्ये नॅशव्हिलला चक्रीवादळ झाले. वुडलँडचे छप्पर उडाले, पाणी आत आले. रात्रीच्या अंधारात या दोघांनी आपल्या मूळ ध्वनिफिती उचलून कोरड्या जागी हलवल्या. मालकी म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण मला आठवत नाही. मालकीबरोबर जोखीमही आपली, आणि भिजणेही आपलेच. त्याच स्टुडिओच्या नावाची ‘वुडलँड’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका 2024 मध्ये निघाली, आणि 2025 मध्ये तिला लोकसंगीताचे ग्रॅमी मिळाले. पारितोषिक नसते मिळाले तरी माझे मत बदलले नसते.

आपल्या महाविद्यालयातून उद्या कुणी कवयित्री, कुणी गायिका, कुणी नाट्यलेखिका बाहेर पडेल. तिला आपण छंद शिकवतो, रससिद्धांत शिकवतो. करारपत्र कसे वाचावे, हक्क आणि मानधन यांत फरक काय, हे शिकवत नाही. उलट पैशाचे बोलणाऱ्या मुलीला व्यवहारी म्हणून हिणवतो. हा सोवळेपणा आता पुरे झाला. कलाशाखेच्या अभ्यासक्रमात चार तासिका या विषयाला दिल्या तर काव्यशास्त्राचे काही बिघडणार नाही, आणि निदान एखादीची तरी गाणी तिच्या स्वतःच्या नावावर राहतील.