टाळ्या सभ्य, आरोळ्या असभ्य?

गेल्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेच्या निमित्ताने एक सूचनापत्रक आमच्या वाचनात आले. स्पर्धा पाथर्डीपासून फार दूर नसलेल्या एका महाविद्यालयात होती. त्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. अशी पत्रके एकाच ठिकाणी निघतात असे नव्हे, आणि आमचे भांडणही एका संस्थेशी नसून त्यामागच्या समजुतीशी आहे. पत्रकात प्रेक्षक-विद्यार्थ्यांसाठी नियम होते. शिट्टी वाजवू नये, हलगी किंवा ढोल आणू नये, घोषणा देऊ नयेत, खेळाडूंची नावे घेऊन ओरडू नये, सामना चालू असताना उभे राहू नये. चांगल्या खेळाला, मग तो कोणत्याही संघाचा असो, टाळ्या वाजवून दाद द्यावी. नियम मोडणाऱ्याचे ओळखपत्र जप्त करण्यात येईल.

आम्ही मराठी शिकवणारे. मैदानाशी आमचा संबंध कडेला उभे राहण्यापुरताच. तरीही या पत्रकावर लिहिणे आम्हांला आमच्याच विषयाचे काम वाटते, कारण त्यात प्रेक्षकाची एक व्याख्या गृहीत धरली आहे आणि ती व्याख्या आम्ही वर्गात शिकवतो तिच्या नेमकी उलट आहे.

भरताने नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा केली आहे. प्रयोग सिद्ध झाला हे कशावरून ओळखावे? मानुषी सिद्धीच्या खुणा तो प्रेक्षकाच्या वाणीत आणि देहात शोधतो. स्मित, हास्य, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार, आणि वाढत जाणारा मोठा नाद. अंगावरचे रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, वस्त्र उधळणे. सूचनापत्रकाने ज्यांवर बंदी घातली त्यांतल्या दोन गोष्टी, मोठा नाद आणि उठून उभे राहणे, भरताच्या यादीत यशाची लक्षणे म्हणून आहेत. कोणी जाणकार म्हणेल की त्याच अध्यायात दैवी सिद्धीही सांगितली आहे. तिथे रंगगृह भरलेले असते आणि शब्द, क्षोभ काहीच उमटत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु ती शांतता प्रयोगातून उपजलेली असते. कबड्डीच्या शेवटच्या चढाईला, एका गुणाचा फरक असताना, मैदान आपोआप श्वास रोखून धरते. ती दैवी सिद्धी. ओळखपत्र जाईल या भीतीने मिटलेली तोंडे ही कुठलीच सिद्धी नव्हे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. पहिला मुद्दा खेळाच्या स्वरूपाचा आहे. कबड्डीत चढाईपटूला 'कबड्डी'चा उच्चार स्पष्ट ऐकू येईल असा करत राहावा लागतो. दम तुटला की नाही हे पंचांना कानांनी ठरवायचे असते. कडेला हलगी कडाडत असेल तर पंच काय ऐकणार? हा मुद्दा आम्हांला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघणारा नियम वाद्यांपुरता, ध्वनिक्षेपकापुरता आणि क्रीडांगणाच्या रेषेपासूनच्या अंतरापुरता असेल. दोन चढायांच्या मधल्या आरोळीशी किंवा पकडीनंतरच्या जल्लोषाशी त्याचा संबंध नाही. हुतुतू म्हणून खेळला गेलेला हा खेळच मुळी मानवी आवाजावर उभा आहे. महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांनी आणि क्रीडामंडळांनी त्याला लिखित नियम दिले, बुवा साळवी यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत त्याला पदकाचे स्थान मिळाले. या सर्व प्रवासात खेळाडूचा आवाज नियमाने बांधला गेला. प्रेक्षकाचा आवाज खेळाचा शत्रू आहे असे कोणी मानल्याचे दिसत नाही.

दुसरा मुद्दा कायद्याचा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शैक्षणिक संस्थांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो, असे आम्हांला ऐकवण्यात आले. खरे आहे. परंतु त्या नियमांचा रोख ध्वनिवर्धक, ढोल, कर्णे, फटाके यांच्यावर आहे. विद्यार्थ्याचा घसा त्यात कुठेही नाही. शिवाय ज्या आवारात पुढाऱ्यांच्या स्वागताला ढोल-ताशे लागतात आणि स्नेहसंमेलनात डीजे चालतो, तिथे शांतता क्षेत्र फक्त कबड्डीच्या दिवशीच कसे आठवते?

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. आरोळीची शिवी होते, शिवीची मारामारी होते. ऑक्टोबर २००७मध्ये वानखेडे मैदानावर अँड्र्यू सायमंड्सला काही प्रेक्षकांनी माकडाच्या हावभावांनी हिणवले आणि पोलिसांना कारवाई करावी लागली. हे आपल्याच राज्यात, शिकल्यासवरल्या शहरात घडले. आमच्या भागात तर जातीची धार अजून बोथट झालेली नाही. आडनावावरून टोमणा कसा मारला जातो, मुलींच्या सामन्याला कोणत्या शेरेबाजीची भीती असते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, जातीवरून, धर्मावरून, वर्णावरून, स्त्रीत्वावरून बोलणाऱ्याला तिथल्या तिथे बाहेर काढावे आणि पुढे यथोचित शिक्षाही करावी. पण त्यासाठी काय बोलले गेले ते ऐकावे लागते, कोण बोलले ते शोधावे लागते, आणि त्या अपराधाचे नाव उच्चारावे लागते. सरसकट मौनाचा नियम हे सारे कष्ट वाचवतो. शिवी देणारा आणि मैत्रिणीला धीर देणारी, दोघांचा गुन्हा त्याच्या लेखी एकच होतो.

हे आम्ही तर्काने बोलत नाही. त्या स्पर्धेत मुलींचा सामना चालू होता. आमच्या वर्गातली एक मुलगी चढाईला गेली. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. दसरा-दिवाळी झाली की या तालुक्यातली कित्येक घरे कुलूपबंद होतात आणि माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. स्पर्धांचा हंगाम नेमका त्याच्या आगेमागे येतो. मैदानावर तिच्या घरचे कोणी असण्याची शक्यताच नव्हती. तिची मैत्रीण कडेला उभी राहिली आणि तिने जोराने तिचे नाव घेतले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिचे ओळखपत्र काढून घेण्यात आले आणि ते परत मिळण्यासाठी माफीपत्राची अट घालण्यात आली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. "सर, मी नाव घेतलं. शिवी नव्हती दिली," एवढेच म्हणाली, आणि माफीपत्राचा कच्चा मसुदा पुढे केला. मराठीचे शिक्षक म्हणून आम्ही तो तपासून द्यावा, ही तिची अपेक्षा. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत जवळ आली होती, ओळखपत्र लागणार होते. आम्ही तो तपासला. 'माझ्याकडून गैरवर्तन घडले' या वाक्यातले ऱ्हस्व-दीर्घ आम्ही सुधारून दिले आणि वाक्य तसेच ठेवले. प्रस्तुत लेख लिहिण्याचे खरे कारण ते वाक्य आहे, हे कबूल केलेले बरे.

गर्दीचे संकट आणि गर्दीचा आवाज यांत जाणूनबुजून केला जाणारा गोंधळ ही जगभरची जुनी युक्ती आहे. १९८९मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिने अखेरीस ९७ जणांचा बळी घेतला. दोष प्रेक्षकांच्या बेशिस्तीवर ढकलला गेला. २०१६मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, चौकशीतल्या ज्यूरीने स्पष्ट केले की प्रेक्षकांच्या वर्तनामुळे ही दुर्घटना घडली नव्हती. पोलिसांच्या नियोजनातल्या आणि निर्णयांतल्या चुका गंभीर होत्या. २०२१मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांची गॅलरी कोसळून अनेक जण जखमी झाले. ती घोषणांनी कोसळली नव्हती. जून २०२५मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या दिवशी अकरा जीव गेले. तिथेही प्रश्न दारांचा, संख्येचा आणि व्यवस्थेचा होता. आयोजकाला आपली जबाबदारी नको असली की तो प्रेक्षकाला शिस्त शिकवू लागतो. ज्या पत्रकाबद्दल आम्ही लिहीत आहोत त्यात प्रेक्षकांसाठी पिण्याच्या पाण्याचा, मुलींसाठी स्वच्छतागृहाचा, प्रथमोपचाराचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

याच्या मुळाशी विद्यार्थ्याच्या आवाजाचीच धास्ती आहे असे आम्हांला वाटते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका हिंसाचाराचे कारण देऊन १९९४च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. २०१६च्या कायद्याने ती तरतूद परत आणली, तरी प्रत्यक्ष निवडणुका वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या गेल्या. हिंसा खरी होती. पण तिच्यावरचा उपाय म्हणून एका पिढीचे बोलणेच थांबवण्यात आले. मैदानावरचे मौन हे त्याच उपायाचे धाकटे भावंड होय. यात एक वर्गभेदही दडला आहे. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी नाट्यगृह 'आव्वाज कुणाचा'ने दणाणते, तेव्हा त्याला परंपरा म्हणतात आणि तिच्या आठवणींवर लेख लिहिले जातात. प्रो कबड्डीत २०१४पासून तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने ओरडावे म्हणून निवेदक आणि संगीत यांची योजना असते. तिथे त्याला वातावरणनिर्मिती म्हणतात. पाथर्डीच्या मुलाने फुकट आणि स्वतःच्या घशाने तेच केले की ते गैरवर्तन ठरते.

आमची मुले प्रेक्षक व्हायला महाविद्यालयात शिकत नाहीत, ती शिकूनच येतात. मोहटादेवीच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात त्यांनी पाहिलेले असते की हलगीची लय चढते तशी पकड घट्ट होते, आणि निकाली कुस्तीला परगावच्या मल्लालाही लोक डोक्यावर घेतात. मढीच्या यात्रेतली गर्दी त्यांच्या परिचयाची आहे. कीर्तनात बुवांच्या पाठोपाठ अवघा मंडप गजर करतो. या सर्व ठिकाणी पाहणारा हा करणाऱ्याचा भागीदार असतो. ही भागीदारी अडाणीपणाची खूण आणि खुर्चीत बसून वाजवलेली मोजकी टाळी संस्कृतीची खूण, हे समीकरण आपण कोठून उचलले, याचा विचार निदान साहित्याच्या शिक्षकांनी तरी करावा.

मग नियम नकोत काय? अवश्य असावेत, पण थोडे आणि नेमके. अपमानकारक बोलणाऱ्याला मैदानाबाहेर. क्रीडांगणात पाऊल टाकणाऱ्याला आणि वस्तू फेकणाऱ्याला मैदानाबाहेर. चढाई चालू असताना वाद्ये बंद, ध्वनिक्षेपक बंद. प्रेक्षकांसाठी दोरी, पाणी, मोकळी वाट आणि मुलींची सोय ही यजमानांची जबाबदारी. शिक्षा करण्यापूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक. यापलीकडे घसा ज्याचा त्याचा.

पुढल्या हंगामात असे पत्रक पुन्हा निघाले तर आमच्यापैकी जे स्पर्धेला जातील ते कडेला उभे राहतील आणि आपल्या विद्यार्थिनींची नावे मोठ्याने घेतील, असे आम्ही ठरवले आहे. त्याबद्दल माफीपत्र मागितले गेलेच, तर त्या वेळी मसुदा तपासण्याचे काम आम्ही करणार नाही.